साहेब, या दारातून नाही!

मी काय काम करतो हे गेली कित्येक वर्षं मी डहाणूतल्या लग्नांच्या पंगतींमध्ये समजावून सांगतो आहे आणि अजून एकालाही ते समजलेलं नाही. शेजारी बसलेला पाहुणा विचारतो, "सध्या काय चाललंय?" मी म्हणतो, "ऑटिझम असलेल्या मुलांसाठी शिकायच्या खोल्या बांधतो." पाहुण्याचा घास हातातच राहतो. "म्हणजे त्या... भिंतींना गाद्या लावलेल्या असतात तशा?" मी म्हणतो, तशा नाही. मग मी मराठीत सांगायला जातो आणि घोळ आणखी वाढतो. "स्वमग्न मुलं असतात ना," असं एकदा थोरल्या मेव्हण्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "स्वमग्न तर आमचा जावईपण आहे. त्याला काढून द्या एखादी खोली. मागच्या अंगणात चालेल."

मूळचा मी डिप्लोमावाला सिव्हिल इंजिनिअर. घोलवडकडच्या चिकूच्या वाड्यांमध्ये माल भरायच्या शेड, डहाणूत दोनचार बंगले आणि तलासरीकडे शाळांचे संडास, एवढ्या भांडवलावर माझं नाव झालेलं. संडासांत माझा हात विशेष बसला होता. या नव्या धंद्यात मला ओढलं ते नीलाबेननी. नीलाबेन म्हणजे विशेष शिक्षिका. घरात गुजराती, वर्गात मराठी आणि रागावल्या की दोन्ही एकदम. त्यांनी डहाणूत भाड्याच्या जागेत अशा मुलांचा वर्ग काढला आणि मला बोलावलं. माझी कीर्ती ऐकून नव्हे. शेजारच्या इमारतीत माझं संडासाचं काम चालू होतं म्हणून.

"राऊतभाई, एक खोली करून द्या. शांत."

"शांत म्हणजे साउंडप्रूफ?"

"शांत म्हणजे शांत. डोळ्यांनापण."

डोळ्यांनाही शांतता लागते हे मला डिप्लोमात कुणी शिकवलं नव्हतं. मी मान हलवली. न समजता मान हलवणे या एका कौशल्यावर माझी अर्धी कारकीर्द उभी आहे.

आता हे काम नेमकं काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढे मला कुठे हसायचं ते तुम्हाला कळेल. आपण एखाद्या खोलीत शिरलो की आपलं डोकं गुपचूप निवड करत असतं. पंख्याची खरखर सोड, ट्यूबलाइटची गुणगुण सोड, बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न सोड, समोरचा माणूस काय म्हणतो ते ऐक. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांच्या बाबतीत ही चाळणी अशी चालत नाही. सगळं एकदम आत येतं, सारख्याच जोराने. त्यात पंख्याची सावली जमिनीवर फिरत असते, चकचकीत टाइलमध्ये खिडकी चमकत असते, आणि या गदारोळात कुणीतरी लाडाने म्हणतं, "बाळा, क कमळातला." बाळ कान झाकतं. आपण म्हणतो, हट्टी आहे.

तेव्हा माझं काम भर घालायचं नाही, काढून टाकायचं. चमक काढ, उघडी कपाटं झाक, उजेड डोळ्यांवर न येता भिंतीवरून येऊ दे, आणि एक कोपरा असा कर की मुलाला लपता येईल पण दार दिसत राहील. एवढं करून एका मुलाला जे लागू पडतं ते दुसऱ्याला हमखास लागू पडत नाही. एकाला काळोख हवा, दुसऱ्याला उजेड. एकाला टाचणी पडलेली सोसत नाही, दुसरा दिवसभर ताट बडवतो आणि सुखात असतो. त्यामुळे या विषयातला तज्ज्ञ म्हणजे ज्याच्या चुका जास्त तो. त्या हिशेबाने पालघर जिल्ह्यात माझ्या तोडीचा तज्ज्ञ सापडणं कठीण आहे.

नीलाबेनच्या त्या पहिल्या खोलीत मी त्यांनी सांगितलेलं सगळं केलं. भिंती फिक्या, कपाटं बंद, ट्यूबलाइट हद्दपार. आणि शेवटी कामाला जरा शोभा यावी म्हणून समोरच्या अख्ख्या भिंतीवर वारली चित्र काढून घेतलं. आता यात माझा दोष किती? आमच्या डहाणू-तलासरीत रिकामी भिंत दिसली की तिच्यावर वारली चित्र काढायचं, हा अलिखित कायदा आहे. स्टेशनवर आहे, पंचायतीवर आहे, पाण्याच्या टाकीवर आहे, मी बांधलेल्या संडासांवर तर आहेच. खरं वारली चित्र लग्नघरात, गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सवाष्ण बायकांच्या हातचं. आमचं सरकारी वारली चित्र ऑइलपेंटचं आणि चौरस फुटावर. तारपा, म्हणजे भोपळ्याचं लांब वाद्य, वाजवणारा मधे आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला धरून नाचणाऱ्यांचं वेटोळं. भिंतभर.

पहिल्याच दिवशी एक मुलगी आत आली, तिने बाईंकडे पाहिलं नाही, खुर्चीकडे पाहिलं नाही, थेट भिंतीपाशी गेली आणि वेटोळ्यावरून बोट फिरवायला लागली. बाहेरून आत, आतून बाहेर. मी नीलाबेनना कोपराने ढोसलं. "बघा, किती रमली!" दुसऱ्या दिवशीही रमली. तिसऱ्या दिवशी तिला सापडलं की एका नाचणाऱ्याचा हात शेजारणीच्या कमरेपर्यंत पोचलेलाच नाही. रंगाऱ्याला चहाची घाई झाली असणार. मधे बोटभर फट राहिलेली. त्या मुलीने फटीवर बोट ठेवलं आणि ते काढायला ती तयार होईना. बोट काढलं की साखळी तुटते, म्हणून रडायची. डबा खायची तो डाव्या हाताने.

रंगाऱ्याला बोलावून मी हात पूर्ण करून घेतला. तर ती दुसरी फट शोधायला लागली आणि आमच्या रंगाऱ्याच्या कृपेने तिला ती सापडली.

"राऊतभाई," नीलाबेन म्हणाल्या, "मी शांत खोली मागितली होती. तुम्ही अख्खं गाव नाचवत आणलंत."

शेवटी भिंत पुसून फिकी केली. लगेच गावात बातमी, राऊत आदिवासी संस्कृतीच्या विरोधात आहे. ज्यांनी ती बातमी पसरवली त्यांच्या स्वतःच्या घरी भिंतींना गुलाबाच्या फुलांचा कागद होता.

दुसरं गिऱ्हाईक घोलवडचे एक मोठे वाडीवाले. त्यांना सगळे शेठ म्हणत. त्यांचा नातू या प्रकारचा. शेठनी दुबईत कुठेतरी एक खोली पाहिलेली. फोनवर फोटो दाखवत म्हणाले, "आपल्याला अश्शी पाहिजे. बुडबुड्यांचा खांब, रंग बदलणारे लाइट, छताला चांदण्या. नातवासाठी काही कमी करायचं नाही." मी म्हणालो, शेठ, आधी मुलगा कुठे शांत बसतो ते बघू. शेठ म्हणाले, तो बसतच नाही, म्हणून तर खोली. त्यात त्यांचे वास्तुवाले आले आणि शांत कोपरा ईशान्येलाच हवा म्हणाले. ईशान्येला नेमकी विहिरीची मोटर. मी काय केलं? मान हलवली.

खोली झाली. नातवाने दारातून आत एक नजर टाकली आणि जो पळाला तो स्वयंपाकघरात, फ्रिज आणि भिंत यांच्या मधल्या सापटीत जाऊन बसला. रोज तिथेच बसायचा म्हणे. घरात सगळ्यांना माहीत, फक्त मला सांगावं असं कुणाला वाटलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. मग मी टेप घेऊन ती सापट मोजली, आणि खोलीतल्या एका कोपऱ्यात, ईशान्य सोडून, तेवढीच अरुंद जागा लाकडात करून दिली. बुडबुडे आणि चांदण्या बंद केल्या. पोरगा तिथे बसायला लागला. चांदण्या वाया गेल्या असं मात्र समजू नका. शेठाणीशी वाजलं की शेठ त्या खोलीत जाऊन दुपारची झोप काढतात आणि मला भेटले की सांगतात, "राऊत, खोली नंबर एक झाली हां."

या दोन अनुभवांनंतर माझा असा समज झाला की आता मला हे काम येतं. तलासरीची गोष्ट त्या समजाची आहे.

तलासरीजवळ हायवेला लागून एका संस्थेची शाळा आहे. नीलाबेन आठवड्यातून दोन दिवस तिथे जायला लागल्या होत्या. तिथल्या पाड्यावरचा रूपेश हा मुलगा त्यांना भेटला तो घराच्या मेढीला बांधलेला. मेढ म्हणजे घराच्या मधला लाकडी खांब. सात-आठ वर्षांचा मुलगा, बोलत नाही, पायाला मऊ फडकं गुंडाळून त्यावरून दोर. फडकं गुंडाळणारीनेच दोर बांधलेला होता. ती त्याची आई, सखू. नवरा नाही. घरात सासू, पण गुडघ्यांनी बसलेली. सखू रोज सकाळी जीपने उंबरगावकडच्या एका कारखान्यात कामाला जायची.

मी नीलाबेनबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा चांगला उपदेश करायच्या तयारीत होतो. सखूने मला बोलूच दिलं नाही.

"सर, कामाला नाय गेली तर खायाचा काय? आन नाय बांधला तर तो रोडवर पलतो. म्हातारीच्यानं धावायला होत नाय. तुमी बसताव का हितं, मी येवपर्यंत?"

मी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. पाड्यापासून हायवे हाकेच्या अंतरावर, आणि त्यावर गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग.

नीलाबेननी संस्थेच्या अध्यक्षांना पटवलं. शाळेत मोडक्या बाकांची एक खोली होती ती मिळाली. एका कारखान्याने निधी दिला. अध्यक्षांनी अट घातली, "दिवाळीपर्यंत ते पोरगं खोलीत नीट बसलं पाहिजे. नाहीतर खोली कॉम्प्युटरला. आमच्याकडे कॉम्प्युटर पडून आहेत." कॉम्प्युटर खरंच पडून होते, मागच्या कुठल्या तरी योजनेतले, खोक्यांसकट.

खोली मी या वेळी विचारून विचारून केली. एकही चित्र नाही. मुलाला लपता येईल असा कोपरा. मागच्या बाजूला त्याच्या मापाचा संडास, ज्याचं एक दार खोलीत उघडतं आणि एक मागच्या अंगणात, पाणी भरायच्या सोयीसाठी. सगळं जमलं. पण रूपेश बसणार कसा? तो पळायचा. कडी लावली तर दार बडवायचा, रक्त येईपर्यंत. फाटकावरून चढायचा.

तेव्हा नीलाबेन आणि मी मिळून एक युक्ती काढली. लाल रंगाची रुंद पट्टी, दोन्ही टोकांना कड्या, दाराच्या चौकटीला दोन हूक. पट्टी लावलेली असली की थांबायचं. काढली की जायचं. अडवत काहीच नाही, खालून वाकून कुणीही जाईल. फक्त सांगते. आधी खोलीच्या दाराला, मग व्हरांड्याला, शेवटी फाटकाला. थांबला की मूठभर कुरमुरे. आणि एक नियम, जो पाळायला सगळ्यात कठीण: पट्टी लावलेली असताना कुणीच ओलांडायची नाही. बाईंनी नाही, शिपायाने नाही, खिचडी करणाऱ्या मावशींनी नाही. एकाने जरी ओलांडली तरी मुलाच्या लेखी तो नियम संपला. मुख्याध्यापक तर एकदा पट्टी काढायला कुणी नाही म्हणून गणिताचा अख्खा तास व्हरांड्यात उभे राहिले. इतक्या निष्ठेने त्यांनी गणित कधी शिकवलं नव्हतं.

आणि पोरगा थांबायला लागला. आधी खोलीच्या दाराशी, मग व्हरांड्यात. एक दिवस फाटकाशी. फाटक सताड उघडं, समोर ट्रक, मधे एक लाल पट्टी, आणि रूपेश अलीकडे उभा. सखू संध्याकाळी जीपमधून उतरत होती. तिने पाहिलं. जीपवाला हॉर्न मारत राहिला तरी ती रस्त्यातच उभी.

"बाई," तिने नीलाबेनना विचारलं, "उद्यापासून सोडू का त्याला? नको ना बांधू?"

"थोडं थांब, सखू. नवीन नवीन आहे. पक्कं होऊ दे. आता कुणी मोडलं तर परत कधी विश्वास ठेवणार नाही तो."

हे वाक्य मी ऐकलं होतं. माझ्यासमोर बोललं गेलं होतं. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

दसऱ्याच्या सुमाराला अध्यक्षांनी उद्घाटन काढलं. आमच्याकडे उद्घाटन झाल्याशिवाय वास्तू वापरात आहे असं मानत नाहीत, मग तिच्यात दोन महिने मुलं शिकत का असेनात. नीलाबेन म्हणाल्या, "उद्घाटन करा, पण आवाज नको." अध्यक्ष म्हणाले, "अगदी साधं." साधं म्हणजे मांडव, दोन भोंगे, फुग्यांची कमान, तारपा नाचाचं पथक आणि प्रमुख पाहुणे. पाहुण्यांचं पद मी सांगत नाही. गाडी पांढरी होती आणि मागे आणखी तीन होत्या, एवढ्यावरून ओळखा. शांततेसाठी बांधलेल्या खोलीसमोर भोंग्यातून "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" सकाळपासून चालू होतं.

नीलाबेनचं म्हणणं, त्या दिवशी रूपेशला घरीच ठेवू. अध्यक्ष म्हणाले, "ज्याच्यासाठी खोली तोच फोटोत नाही? राऊत, तुम्ही सांगा." आता, अध्यक्षांनी मला आदल्या दिवशीच सूचित केलं होतं की माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आहे. नवीन जाकीट शिवून झालं होतं. मी म्हणालो, "काय हरकत आहे? नाच संपल्यावर आणू त्याला." नीलाबेननी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं मराठीत भाषांतर होत नाही. गुजरातीत होतं, पण ते छापता येणार नाही.

कार्यक्रमाच्या आधी संस्थेचा क्लार्क घामाघूम होऊन धावत आला. "राऊतसाहेब, मेलो! फीत राहिली! ताट आहे, कात्री आहे, फीतच नाही. तलासरीतली दुकानं बंद."

"अहो, एवढंच ना?" मी थोरपणाने म्हणालो. माझ्या गाडीच्या डिकीत त्या लाल पट्टीचं शिल्लक भेंडोळं होतं. कापून दिलं. वर सल्लाही दिला, "बांधायला खिळे शोधू नका. चौकटीला आयते हूक आहेत."

हुशार माणसाची लक्षणं ती हीच.

नाच झाला. पाहुणे मांडवातून खोलीच्या दाराशी आले. मागोमाग कान झाकलेल्या रूपेशला घेऊन सखू आली. फाटकाची पट्टी काढलेली होती, तो आत आला. व्हरांड्याची काढलेली होती, तो चढला. खोलीच्या दाराशी मात्र पट्टी होती. रूपेश थांबला. भोंगे, फुगे, माणसं, फोटोवाले, सगळ्यांच्या मधे तो एकटा नेमून दिल्यासारखा उभा. सखू हसली. मला वाटतं त्या गर्दीत तिने तेवढंच पाहिलं.

पाहुण्यांनी ताटातली कात्री उचलली.

"राऊतभाई!" नीलाबेनचा आवाज मागून, दाताखालून आला. "ती पट्टी कुणी लावली?"

मला तेव्हा समजलं. एवढ्या उशिरा समजण्याबद्दल खरं म्हणजे वेगळा सत्कार व्हायला हवा होता. पट्टी कापणार, सगळे टाळ्या वाजवणार, आणि रूपेश बघणार. लाल पट्टी म्हणजे थांबायचं नसतं, कापायचं असतं आणि कापली की लोक खूश होतात, हे तो एका मिनिटात शिकणार. आणि तीच पट्टी संध्याकाळी फाटकावर, पलीकडे ट्रक. सखूचं हसू गेलं होतं. तिलाही कळलं होतं. ती साहेबांना काय सांगणार? तिने फक्त रूपेशचा हात धरला, आणि दुसरा हात कमरेशी नेला, जिथे दोर खोचायची तिला सवय होती.

"साहेब, या दारातून नाही!"

हा आवाज माझा होता. माइकजवळ उभा असल्यामुळे तो हायवेपर्यंत गेला.

पाहुण्यांची कात्री हवेत. अध्यक्षांचा चेहरा पांढरा. "मग कोणत्या दारातून?" पाहुण्यांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. खोलीला दुसरं दार नव्हतं. म्हणजे होतं, पण ते कुठून होतं ते वर सांगितलं आहे.

"साहेब, या प्रकारच्या खोलीत... शास्त्र असं आहे की प्रमुख व्यक्तीने मागून यायचं असतं. मुलांना धक्का बसू नये म्हणून. जपानमध्ये असंच करतात."

जपानबद्दल मला एवढंच ठाऊक आहे की त्याचं नाव घेतलं की आमच्याकडे कुणी पुढे विचारत नाही.

"जपानमध्ये?"

"हो साहेब. चला, मी दाखवतो."

असे आम्ही निघालो. मी, पाहुणे, अध्यक्ष, समई सांभाळणारा क्लार्क आणि दोन पोलीस. मागच्या अंगणात खिचडीची पातेली घासणाऱ्या मावशी गडबडून उभ्या राहिल्या. "या गो बाय, इकडं कुठं साहेब?" पाण्याचं पिंप ओलांडलं. संडासाचं दार मुलांच्या मापाचं, त्यामुळे साहेबांना वाकावं लागलं. अध्यक्षांना वाकता येत नव्हतं, त्यांना आडवं होऊन यावं लागलं. क्लार्कच्या काखेतली माझ्या सत्काराची शाल नळाखाली भिजली. पण संडास स्वच्छ होता, हे मी इथे नमूद करतो. त्या कामात माझा हात बसलेला आहे.

पाहुणे खोलीत प्रकटले आणि पट्टीच्या आतल्या बाजूला येऊन दुकानाच्या गल्ल्यावर उभं राहावं तसे उभे राहिले. बाहेर लोकांना काही कळलं नाही, पण साहेब दिसले म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी हात जोडले आणि सवयीने, बाहेर येण्यासाठी पट्टीला हात घातला.

रूपेशने आईचा हात सोडला. पुढे आला. पाहुण्यांचा हात पट्टीवरून उचलून आत ढकलला. जोराने नाही. दुकानदार पोराचा हात बरणीवरून बाजूला करतो तसा.

पोलीस पुढे सरकला. नीलाबेन त्याच्या आधी. "साहेब, तो सांगतो आहे की आत्ता बंद आहे."

"मग मी बाहेर कधी यायचं?"

"पट्टी निघाली की."

"काढा मग."

"हे भोंगे बंद झाले की काढते."

इतका वेळ कुणालाही न जमलेली गोष्ट झाली. पाहुण्यांनी नुसता हात केला आणि भोंगे बंद झाले. फुगे हलल्याचा आवाज ऐकू यायला लागला. रूपेशने कानांवरचे हात खाली घेतले. नीलाबेननी पट्टीची कडी काढली, तो आत गेला, आपल्या कोपऱ्यात बसला आणि त्याच्या नेहमीच्या खेळातलं डब्याचं स्टीलचं झाकण फिरवायला लागला. पाहुणे बाहेर आले.

"अध्यक्षमहाराज," ते म्हणाले, "माझ्या हस्ते उद्घाटन होतं की माझी अटक?"

माणूस चांगला निघाला हे माझं नशीब. भाषणात म्हणाले, "या खोलीचा नियम मी पाळला, आता तुम्हीही पाळा. मी पुन्हा येऊन बघणार." ते पुन्हा आलेले नाहीत आणि येणारही नाहीत, पण ते येतील या भीतीने कॉम्प्युटर आजही खोक्यांतच आहेत आणि खोली मुलांकडे. फीत कापल्याचा फोटो मात्र संस्थेला हवाच होता. म्हणून पाहुण्यांना भांडारघराच्या दाराशी नेलं, तिथे क्लार्कचा लाल रुमाल ताणून धरला आणि तो कापून घेतला. वर्तमानपत्रात आला तो फोटो तांदळाच्या कोठाराच्या उद्घाटनाचा आहे. ओली शाल मांडववाल्याला मिळाली. मला अध्यक्षांनी त्यानंतर एकही काम दिलेलं नाही. दुसऱ्या तालुक्यांतही त्यांचे बरेच मित्र आहेत, हे मला नंतर काम न मिळण्यावरून कळलं.

खंत त्याची नाही. खंत वेगळी आहे. मे महिन्यात शाळा बंद झाली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, नेहमीप्रमाणे उशिरा. मी एक खोली बांधली. पण शाळा सुटल्यानंतरची दुपार, रविवार, सुट्ट्या, आणि हा अख्खा महिना? तो कुणाच्या नकाशात होता? निधी देणाऱ्या कारखान्याच्या नाही, अध्यक्षांच्या नाही, आणि स्वतःला तज्ज्ञ म्हणवणाऱ्या माझ्याही नाही. उंबरगावचा कारखाना काही मे महिन्यात बंद नसतो. मला सारखं ते मऊ फडकं डोळ्यांपुढे यायला लागलं.

म्हणून एका रविवारी पट्टीचं भेंडोळं, हूक आणि ड्रिल मशीन घेऊन मी पाड्यावर गेलो. गेल्यावर आठवलं की सखूचं घर कुडाचं आहे. कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेल्या भिंतीत ड्रिल मारायला निघालेला बहुधा मी जगातला पहिला इंजिनिअर. आणि त्या घरात विजेचं एकच बटण, तेही दिव्याचं.

दाराला पट्टी होती. लाल लुगड्याच्या काठाची, दोन खुंट्यांना बांधलेली. आत रूपेश मोकळा बसला होता. सासू शेजारी पाय पसरून. धावायची गरज उरली नव्हती, त्यामुळे तिच्या गुडघ्यांवरही आता भागत होतं. दोर अंगणात दोन झाडांना बांधला होता आणि त्यावर कपडे वाळत होते.

"या सर," सखू आतून म्हणाली. मी एक पाय उचलला.

"ओ सर, थांबा! लावलेली हाय."

"अगं, पण तूच तर या म्हणालीस."

"मी म्हनली. मी नाय लावली. आता तोच लावतो. कोन नको असला का उठतो नि लावतो."

मी एका पायावर उभा. रूपेशने माझ्या हवेतल्या पायाकडे पाहिलं. मी तो परत खाली ठेवला, होता तिथेच.

"काल सरपंच आलेला," म्हातारी आतून म्हणाली, "तोबी भाईरच."

चहा पट्टीवरून बाहेर आला. मी उन्हात उभा राहून प्यालो. रूपेश उठून पट्टीपाशी आला, त्याने ड्रिल मशीन नीट पाहून घेतलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि परत जाऊन बसला. पट्टी तशीच.

"वाईट नका वाटून घेऊ," सखू कप परत घेताना म्हणाली. "परत या. कवातरी काढंल."

त्यानंतरही मी गेलो आहे, एकदा नीलाबेनना घेऊन. त्यांच्यासाठी त्याने उठून पट्टी काढली, त्या आत गेल्या, आणि त्याने ती परत लावली. चहा मात्र मला दर वेळी मिळतो. बाहेर.